‘कोच बदला’ म्हणताना नेमकं काय मागायचं?

मुरगूड हे कुस्तीचं गाव. कागल तालुक्यात, वेदगंगेच्या काठी वसलेल्या या गावाची ओळख सर पिराजीराव तलावाइतकीच तिथल्या आखाड्याची आहे. सदाशिवराव मंडलिकांच्या नावानं चालणाऱ्या कुस्ती संकुलातून नंदिनी साळोखे, स्वाती शिंदे यांच्यासारख्या मुली देशपातळीवर जाऊन लढल्या. अशा गावात पैलवान हरला की आधी त्याची मेहनत तपासली जाते, खुराक तपासला जातो, कुठल्या डावाला फसला ते बघितलं जातं. वस्ताद बदलायची भाषा सहसा कुणी करत नाही.

पण याच गावातली पोरं संध्याकाळी फुटबॉल खेळतात, हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांचे निकाल फोनवर बघत बसतात आणि शनिवार-रविवारी रात्री जागून इंग्लंडचे सामने पाहतात. तिथं मात्र संघ सलग तीन सामने हरला की पहिली मागणी ठरलेली असते: कोच बदला. कोल्हापूर, पुणे, मुंबई, मडगाव, कोलकाता, मँचेस्टर, कुठंही जा, ही मागणी सारखीच. ती करणाऱ्यांना उतावीळ म्हणून हसण्यावारी नेणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. तिकीट काढून, रजा टाकून, घसा बसेपर्यंत ओरडून जो माणूस संघाबरोबर हरतो, त्याला काहीतरी बदलावं असं वाटणारच. प्रश्न एवढाच की कोच बदलल्यानं खरंच काय बदलतं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या गेल्या दहा-पंधरा वर्षांच्या अनुभवात त्याचं बरंच उत्तर सापडतं.

सुरुवात मुंबईपासून केली पाहिजे, कारण या वादातलं सगळ्यात बोलकं उदाहरण तिथलंच आहे. खालिद जमील. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया अशा मुंबईच्या संघांतून खेळलेला हा मिडफिल्डर २००९ मध्ये मुंबई एफसीचा कोच झाला आणि २०१६ पर्यंत राहिला. कूपरेजवर खेळणाऱ्या या क्लबकडं पैसा बेताचा, खेळाडू बेताचे. बंगळुरू, मोहन बागान, ईस्ट बंगालसमोर उभं राहायचं ते बचाव घट्ट ठेवून. हा खेळ डोळ्यांना सुखावणारा नव्हता. चेंडू लांब मारायचा, मागं गर्दी करायची, एखाद्या सेट पीसवर गोल साधायचा. बचावात्मक खेळाबद्दल कुरकुर होती आणि तिच्यात तथ्यही होतं. पण त्या सात वर्षांत मुंबई एफसी आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमधून एकदाही खाली घसरला नाही.

२०१६ मध्ये क्लबची आणि खालिद यांची वाट वेगळी झाली. पुढच्या हंगामात संतोष कश्यप कोच म्हणून आले. निकाल लागेनात म्हणून हंगाम चालू असतानाच त्यांच्या जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले. तरी मुंबई एफसी तळाला राहिला, आय-लीगमधून बाहेर पडला आणि त्यानंतर क्लबच बंद झाला.

त्याच हंगामात खालिद कुठं होते? मिझोरामच्या ऐझॉल एफसीमध्ये. आदल्या वर्षी ऐझॉल आय-लीगमधून खाली गेला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतल्यामुळं त्याला परत जागा मिळाली, एवढंच. २२ एप्रिल २०१७ ला ऐझॉलनं घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० नं हरवलं. आठवड्याभरानं, ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधली आणि ३७ गुणांवर विजेतेपद पटकावलं. बागान एका गुणानं मागं राहिला. मुंबईत ज्याच्या खेळाला रटाळ म्हणत होते, त्या माणसानं डोंगरातल्या एका छोट्या क्लबला देशाचं विजेतेपद मिळवून दिलं.

एवढ्यावर थांबलं तर गोष्ट फार सरळ होईल: कोचला काढू नका, काढाल तर पस्तावाल. पण खालिद यांचीच पुढची वाटचाल तसं म्हणू देत नाही. २०२१ च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडनं आपले कोच जेरार्ड नूस यांना काढलं आणि हंगामाच्या मध्यात संघ खालिद यांच्या हाती दिला. तिथून साखळीत तो संघ हरलाच नाही, थेट प्ले-ऑफमध्ये गेला. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) तोवर एकाही भारतीय कोचला हे जमलं नव्हतं. म्हणजे इथं कोच बदलणं फळलं. मग त्याच खालिद यांना पूर्ण हंगामासाठी नेमलं, आणि २०२१-२२ मध्ये तोच क्लब अकरा संघांत दहावा आला. माणूस तोच, क्लब तोच, मधे वर्षही गेलेलं नाही. मग आधीच्या यशाचं श्रेय आणि नंतरच्या अपयशाचं खापर, दोन्ही एकाच डोक्यावर कसं फोडायचं?

अर्थशास्त्रज्ञांनी या कोड्यात बरंच डोकं घातलं आहे. नेदरलँड्सचे बास टेर वील यांनी तिथल्या पहिल्या श्रेणीच्या लीगमधले १९८६ ते २००४ या काळातले कोच-बदल तपासले. कोच काढल्यावर संघ सुधारतो, हे आकड्यांत दिसतंच. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. तितकीच घसरण झालेल्या आणि तरीही कोच न बदललेल्या संघांचं पुढं काय झालं? तेही जवळपास तसेच सुधारले. कारण साधं आहे. कोचला काढतात ते संघ अगदी तळाला गेलेला असताना. जखमी खेळाडू परततात, गोलपोस्टला लागून परत येणारे चेंडू कधीतरी आत जायला लागतात, अवघड सामने संपून सोपे सुरू होतात. तेवढ्यात नवा कोच येतो आणि आपोआप होणार असलेली सुधारणा त्याच्या खात्यावर जमा होते.

हे सरासरीचं सत्य झालं. प्रत्येक क्लबला ते जसंच्या तसं लागू होत नाही, आणि याची उत्तम साक्ष आयएसएलच्या २०१९-२० च्या हंगामात मिळते.

एफसी गोवाचे कोच सर्जियो लोबेरा. बार्सिलोनाच्या शाळेतले, चेंडू पायाशी ठेवून खेळणारे. त्यांच्या हाताखाली गोवा २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात पोचला, २०१९ चा सुपर कप जिंकला, आणि २०२० च्या जानेवारीत गुणतक्त्याच्या शेंड्यावर होता. तरीही महिनाअखेरीला क्लबनं त्यांना काढलं. व्यवस्थापनाशी बिनसल्याच्या बातम्या होत्या. गोव्यातले समर्थक संतापले. पहिल्या क्रमांकावर असलेल्या संघाचा कोच कोण काढतं? संघ क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडं आला, तांत्रिक सल्ल्याला डेरिक परेरा. उरलेले तिन्ही साखळी सामने गोवा मोठ्या फरकानं जिंकला, साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळणारी लीग विनर्स शिल्ड पटकावली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. समर्थकांची भीती खोटी ठरली म्हणावं, तर उपांत्य फेरीत गाडी अडली. चेन्नईत ४-१ अशी हार, मडगावात ४-२ असा विजय, एकूण ६-५ नं गोवा बाहेर. समोर होता चेन्नईयिन, आणि त्यानंही हंगामाच्या मध्यात कोच बदलला होता. जॉन ग्रेगरी गेल्यावर ओवेन कॉयल आले आणि तळाजवळ घुटमळणाऱ्या संघाला त्यांनी अंतिम सामन्यापर्यंत नेलं.

लोबेरा मात्र मुंबईला गेले. मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा २०१९ च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुप या परदेशी समूहानं घेतला होता. जॉर्ज कोस्टा यांच्या हाताखाली मुंबईनं २०१८-१९ मध्ये उपांत्य फेरी गाठली होती, पुढच्या वर्षी संघ पाचवा आला. लोबेरांनी पहिल्याच हंगामात शिल्ड आणि करंडक दोन्ही मिळवून दिले. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात एटीके मोहन बागानविरुद्धच्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगनं २-१ असा निकाल लावला. वेस्ट कोस्ट ब्रिगेड म्हणवणाऱ्या मुंबईच्या समर्थकांना वर्षानुवर्षं हवं होतं ते सगळं एका कोच-बदलानं पदरात टाकलं, असं वरवर दिसतं. जवळून पाहिलं तर लोबेरांच्या मागोमाग अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमूस आणि मंदार राव देसाई हे गोव्याचे चार खांबही मुंबईत आले होते. बचावात फॉल, मध्यावर जाहू, पुढं बुमूस, डाव्या बाजूला मंदार. कोचचा खेळ ज्यांच्या अंगवळणी पडला होता ती माणसं कोचबरोबर आली, आणि त्यासाठी लागणारा पैसा आधीच आलेला होता. ‘कोच बदलला’ हे मुंबईच्या यशाचं फार तोकडं वर्णन आहे.

याच्या उलट टोकाला पुणे. एफसी पुणे सिटीनं २०१४ पासूनच्या पाच हंगामांत फ्रँको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, अँटोनिओ हबास, रँको पोपोविच, मिगेल आंगेल पोर्तुगाल, काही काळ प्रद्युम रेड्डी आणि शेवटी फिल ब्राऊन इतके कोच पाहिले. इंग्लंडचा माजी खेळाडू आला, कोलकात्याला करंडक जिंकून दिलेला कोच आला, सगळे आले. फक्त पोपोविच यांच्या २०१७-१८ च्या हंगामात संघ उपांत्य फेरीत गेला आणि बंगळुरूकडून हरला. ज्यानं तिथवर नेलं तोही टिकला नाही. पुढच्या हंगामात पोर्तुगाल यांना पहिल्या काही सामन्यांतच जावं लागलं. बालेवाडीच्या स्टेडियमवर नारिंगी रंग घालून येणाऱ्या ऑरेंज आर्मीनं एवढे कोच बदलताना पाहिले, आणि २०१९ मध्ये क्लबच उठला. त्या समर्थकांनी कुणाकडं बोट दाखवायचं? कोच सात झाले, पण बाकी ज्या गोष्टी बदलायला हव्या होत्या त्या तशाच राहिल्या. महाराष्ट्राच्या फुटबॉलमधली ही सगळ्यात क्लेशकारक घटना आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं गेलं आहे.

परदेशातली उदाहरणं मुरगूडच्या पोरांनाही तोंडपाठ असतात. १९८९ च्या हिवाळ्यात मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर ॲलेक्स फर्ग्युसन यांना घालवा म्हणणारा फलक झळकला होता. तो हंगाम संघानं तेराव्या क्रमांकावर संपवला, पण एफए कप जिंकला. फर्ग्युसन राहिले आणि २०१३ पर्यंत १३ वेळा लीग जिंकून गेले. कोचला वेळ द्या म्हणणारे हा दाखला देतात. पण चेल्सीनं २०१२ च्या मार्चमध्ये विलास-बोआस यांना काढलं आणि मे महिन्यात दी मत्तेओ यांच्या हाताखाली चॅम्पियन्स लीग जिंकली, हेही खरं. लेस्टरला २०१६ चं अशक्य वाटणारं विजेतेपद देणाऱ्या क्लॉडिओ रानिएरी यांना नऊ महिन्यांत काढलं तेव्हा जगभर हळहळ झाली. पण त्यांच्यामागून आलेल्या क्रेग शेक्सपिअर यांनी लीगचे पहिले पाचही सामने जिंकले आणि खाली जाऊ घातलेला क्लब वाचला. आणि फर्ग्युसननंतरच्या बारा वर्षांत युनायटेडनं मॉयेसपासून अमोरिमपर्यंत कोच बदलत नेले, लीग एकदाही मिळाली नाही. दाखले दोन्ही बाजूंना सापडतात. म्हणूनच नुसत्या दाखल्यांवर हा वाद कधी मिटत नाही.

आपल्याकडचा २०२३-२४ चा हंगामही ‘बदलू नका’ म्हणणाऱ्यांची अडचण करतो. मुंबईचे डेस बकिंगहॅम नोव्हेंबरात इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडं निघून गेले आणि पीटर क्रॅटकी आले. तिकडं मोहन बागाननं हुआन फेरांडो यांच्या जागी हबास यांना परत आणलं. बागाननं शिल्ड जिंकली, तीही शेवटच्या साखळी सामन्यात मुंबईला २-१ नं हरवून. मग ४ मे २०२४ ला सॉल्ट लेकवर त्याच बागानला ३-१ नं हरवून मुंबईनं करंडक नेला. हंगामाच्या मध्यात कोच बदललेले दोन संघ दोन्ही पारितोषिकं वाटून घेऊन गेले. पण दोन्हीकडं नव्या कोचच्या हाती आला तो देशातल्या सगळ्यात भक्कम संघांपैकी एक होता. दोन्ही क्लबांत पगार, सराव, खेळाडूंची निवड हे सगळं मार्गी लागलेलं होतं. बसलेल्या घडीत नवा माणूस सामावून गेला. पुण्यात ती घडीच कधी बसली नव्हती.

या सगळ्यातून एक गोष्ट हाती लागते. क्लबाला घेता येणाऱ्या निर्णयांत कोच काढणं हा सगळ्यात सोपा निर्णय आहे. पंचवीस खेळाडू बदलता येत नाहीत, मालक स्वतःला काढत नाही, सरावाचं मैदान एका रात्रीत तयार होत नाही. कोच मात्र एका पत्रानं जातो आणि समर्थकांचा राग दोन महिने तरी शांत होतो. इतर गोष्टी जागेवर असताना किंवा त्याही सोबत बदलताना हा निर्णय घेतला तर फळतो. त्या गोष्टींच्या बदल्यात घेतला तर क्लब आणखी खाली जातो.

भारतीय संघाबाबत हे सगळ्यात ठळक दिसलं. इगोर स्टिमाच २०१९ मध्ये आले. २०२३ मध्ये त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला. २६ मार्च २०२४ ला गुवाहाटीत अफगाणिस्ताननं भारताला २-१ नं हरवलं, विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी हुकली आणि जूनमध्ये भारतीय फुटबॉल महासंघानं त्यांना काढलं. करार मधेच मोडल्याची भरपाई म्हणून सुमारे ४ लाख डॉलर द्यावे लागले. ज्या देशात वयोगटाच्या लीग धड चालत नाहीत तिथं हा पैसा एका सहीच्या घाईपायी गेला. मग मानोलो मार्केझ आले, तेही एफसी गोवाची जबाबदारी सांभाळत. आशिया चषकाच्या पात्रतेत बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी, हाँगकाँगकडून हार, आणि वर्षभरात तेही गेले. १ ऑगस्ट २०२५ ला खालिद जमील भारताचे कोच झाले. तेरा वर्षांनी पहिल्यांदा भारतीय माणसाकडं हे पूर्णवेळ पद आलं.

महाराष्ट्रातल्या फुटबॉलवेड्यांनी तो दिवस स्वतःचा मानला, आणि का मानू नये? सुरुवातही छान झाली. सीएएफए नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळाला. मग १४ ऑक्टोबरला फातोर्ड्यात सिंगापूरविरुद्ध सामना झाला. चौदाव्या मिनिटाला लाललियानझुआला छांगटेनं गोल केला. विश्रांतीला काही क्षण उरले असताना साँग उई-यंगनं बरोबरी केली आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानंच दुसरा मारला. १-२. आशिया चषक हुकला. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडूनही हार झाली आणि ‘खालिदला काढा’ सुरू झालं.

त्या वेळी देशात काय चाललं होतं ते आठवलं पाहिजे. जुलैत आयएसएलचा हंगाम बेमुदत लांबला होता. क्लबांना लीगचे सामने नव्हते, खेळाडूंना पुरेसा सराव नव्हता, काही ठिकाणी पगार अडकले. डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं. महिनोन्‌महिने लीगचा सामना न खेळलेले खेळाडू घेऊन कुठलाही कोच आंतरराष्ट्रीय सामन्यात उत्तरार्ध टिकवू शकणं कठीण. खालिद यांच्या निवडीवर, डावपेचांवर टीका जरूर व्हावी. पण स्टिमाच, मार्केझ, जमील असे तीन वेगळ्या घडणीचे कोच पाठोपाठ त्याच भिंतीवर आपटतात, तेव्हा समर्थकांनी आवाज चढवायचा तो भिंत बांधणाऱ्यांवर.

कोल्हापूर इथं वेगळं ठरतं, आणि मुरगूडपासून शाहू स्टेडियमपर्यंत जाणाऱ्या समर्थकाला आपल्याच जिल्ह्यात काय आहे याची जाणीव असावी. १९४० मध्ये राजाराम महाराजांच्या आश्रयानं कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस हे संघ पेठांचे आहेत, तालमींचे आहेत, त्यांचा कुणी कॉर्पोरेट मालक नाही. इथं कोच बहुधा त्याच पेठेतला जुना खेळाडू असतो. सामना हरला की तो ज्या गल्लीतून घरी जातो त्याच गल्लीत संघाचे समर्थक राहतात, मंडळाचे पदाधिकारीही तिथंच. मुंबई-पुण्याच्या समर्थकाला जे कधी मिळालं नाही ते इथं आहे: निर्णय घेणाऱ्या माणसाला समोरासमोर विचारता येतं.

या जवळिकीची दुसरी बाजूही आहे. गॅलरीच्या पायऱ्यांवरून कोचला सूचना सुटतात, अमक्याला उतरव, तमक्याला घे. हार पचत नाही तेव्हा समर्थकांची हुल्लडबाजी मैदानाबाहेर येते, पोलिस बंदोबस्त वाढतो, आणि एकदा स्पर्धाच थांबली की नुकसान खेळाडूंचं होतं. बाहेरच्या राज्यांतून, आफ्रिकेतून हंगामापुरते खेळाडू येतात. ते स्थानिक मुलांबरोबर सराव किती करतात, यावर संघाचा खेळ ठरतो. कोचनं काय ठरवलं होतं हे तिथं कुणाला दिसतच नाही. ज्या जिल्ह्यानं २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत जाधव दिला, तिथं खेळाडूंची उणीव नाही. उणीव आहे ती शिकलेल्या कोचची. कोचच्या परवान्याच्या डी, सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या आहेत. खालच्या दोन-तीन पायऱ्या चढायला लागणारा खर्च पेठेच्या मंडळाला अगदीच न झेपणारा नाही. एका हंगामापुरत्या पाहुण्या खेळाडूवर जो पैसा जातो, त्यातला काही भाग आपल्याच निवृत्त खेळाडूच्या परवान्यासाठी ठेवला, तर कोच बदलायची वेळ आल्यावर दुसरा कोच तयार असेल.

म्हणून पुढच्या हंगामाची खेळाडू नोंदणी सुरू होण्याआधी मंडळाच्या बैठकीत समर्थकांनी सविस्तर विचारावं. कोचला किती महिन्यांसाठी नेमलंय, संघ निवडण्यात शेवटचा शब्द त्याचा आहे की देणगीदाराचा, पाहुणे खेळाडू पहिल्या सामन्याआधी किती दिवस येणार, सोळा वर्षांखालच्या मुलांचा सराव कोण घेतो आणि कोच गेलाच तर त्याच्या जागी कोणाची तयारी चालली आहे. उत्तरं समाधानकारक असतील आणि तरीही संघ खेळात मागं पडत असेल, खेळाडूंचं कोचशी जुळत नसेल, तर ‘कोच बदला’ म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.